एका थेंबाची साक्ष

27 जुलै 2005 च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला सुमारे 73 मिलिमीटर. दोन्ही ठिकाणांमधलं सरळ अंतर वीस-बावीस किलोमीटर. पर्जन्यमापक दोन्हीकडचे बरोबर होते. तरीही फक्त कुलाब्याचा आकडा हाती असता, तर तो दिवस मुंबईच्या नोंदवहीत पावसाळ्यातला एक साधा दिवस म्हणून गेला असता.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो आणि ती बरोबरही ठरते, कारण पातेल्यात सगळीकडे सारखंच उकळत असतं. पण तळाला लागलेला आणि वर कच्चा राहिलेला भातही कधीतरी सगळ्यांनीच खाल्लेला असतो. मोजमापाच्या शास्त्राची बरीचशी मेहनत एकाच प्रश्नावर खर्च होते: हातात आलेलं शीत कुठल्या थरातलं?

पावसाचंच घ्या. पर्जन्यमापक सांगतो एकूण पाणी: एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. ते पाणी बारीक भुरभुरीतून आलं की टपोऱ्या थेंबांतून, हे त्याला कळत नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला शेतकरी विल्सन बेंटली हिमकणांच्या छायाचित्रांमुळे ओळखला जातो, पण मला त्याचा दुसरा उद्योग जास्त आवडतो. परातीत चाळलेल्या पिठाचा इंचभर थर पसरून तो काही क्षण पावसात धरायचा. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी व्हायची. गोळ्या वाळल्या की मोजायच्या. यातलं खरं शहाणपण पुढचं आहे: गोळीचा आकार म्हणजेच थेंबाचा आकार, असं त्याने गृहीत धरलं नाही. आधी ठाऊक असलेल्या मापाचे थेंब पिठावर टाकून त्याने दोन्हींचा मेळ घातला. 1904 मध्ये त्याने ही निरीक्षणं प्रसिद्ध केली. परात, पीठ आणि चिकाटी, एवढंच त्याचं भांडवल.

आज हेच काम डिसड्रोमीटर, म्हणजे थेंबांचे आकार मोजणारं यंत्र, करतो. त्याच्या एका प्रकारात लेझरचा पट्टा असतो. थेंब त्यातून जाताना किती प्रकाश अडला यावरून त्याचा आकार कळतो, किती वेळ अडला यावरून वेग. महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएमची (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची) ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. घाटमाथ्यावरच्या उथळ मान्सून ढगांतून बारीक थेंब फार मोठ्या संख्येने पडतात, हे सह्याद्रीतल्या अशा मोजण्यांतून दिसलं. वळवाचे टपोरे थेंब आणि श्रावणसर यांत आपली भाषा फरक करतेच, इथे त्याला आकडे मिळाले.

हे आकडे लागतात लांबून पाऊस मोजणाऱ्या रडारसाठी. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर त्यातलं पाणी आठपट होतं, पण रडारकडे परतणारा प्रतिध्वनी चौसष्टपट. म्हणजे मोजके मोठे थेंब रडारला जोरदार पावसाचा भास देऊ शकतात आणि घाटातली दाट, बारीक झड त्याला प्रत्यक्षापेक्षा हलकी वाटू शकते.

आता दुसरा थेंब, बोटाच्या टोकातल्या रक्ताचा. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये एकाच माणसाच्या एकाच बोटातून लागोपाठ थेंब घेतले आणि प्रत्येकातलं हिमोग्लोबिन वेगळं मोजलं. आकडे थेंबागणिक बदलत होते. शिरेतल्या रक्ताइतकी खात्री हवी असेल, तर सहा ते नऊ थेंबांची सरासरी काढावी लागत होती. रक्त बोटाच्या केशवाहिन्यांतून येतं. बोट दाबून पिळलं तर आसपासच्या पेशींमधला द्रवही त्यात मिसळतो आणि रक्त पातळ होतं. म्हणून पहिला थेंब पुसून टाकायचा आणि बोट पिळायचं नाही. घाईच्या शिबिरात नेमकं हेच सुटतं.

गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी रक्तक्षयाची सीमा दर 100 मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅम हिमोग्लोबिन अशी आहे. एखादीचं खरं हिमोग्लोबिन 12.2 असेल आणि थेंबाने 11.7 दाखवलं, तर ती रक्तक्षयींच्या यादीत जाते. लाखो बायका-मुलांच्या सर्वेक्षणात हा खेळ केवढा होतो पाहा. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाच्या रक्तावरून पाच वर्षांखालची सुमारे 58 टक्के मुलं रक्तक्षयी ठरली. 2016-18 च्या पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेतलं, तेव्हा सुमारे 41 टक्के. वयोगट तंतोतंत एक नव्हते आणि सगळा फरक थेंबाच्या माथी मारता येणार नाही. पण गोळ्या-औषधांची योजना ज्या आकड्यावर उभी राहते, तो कुठल्या रक्तातून आला हे आरोग्य खात्याने आणि आपणही विचारलंच पाहिजे. 41 टक्केही भयंकरच आहेत.

तिसऱ्या ठिकाणी तर थेंबही नाही. नव्या शाळेत किंवा वसतिगृहात मूल रुळलं का, हे समायोजन चाचणीने मोजतात. सिन्हा आणि सिंग यांची भारतात बरीच वापरली जाणारी चाचणी साठ प्रश्नांची आहे: भावनिक, सामाजिक, शैक्षणिक, आणि उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. बीएड, एमएडच्या प्रबंधांत तिचे निष्कर्ष वाचताना दोन गोष्टी मी आधी शोधते. पंधरा दिवसांनी तीच चाचणी दिली तर गुण साधारण तेवढेच येतात का? ही विश्वसनीयता. आणि चाचणीत कमी रुळलेलं ठरलेलं मूल वर्गशिक्षिकेलाही खरोखर एकटं दिसतं का? ही सप्रमाणता. ‘लक्षणीय फरक आढळला’ या वाक्यावर मी लगेच विसंबत नाही. हजार मुलांच्या नमुन्यात साठपैकी एका गुणाचा फरकही संख्याशास्त्राच्या भाषेत लक्षणीय ठरू शकतो.

शिवाय हा कागद कोण वाचणार, याचा अंदाज मूल बांधतंच. एकदा आठवीतल्या एका मुलीच्या उत्तरपत्रिकेवर, घरची आठवण येऊन रडू येतं का अशा अर्थाच्या प्रश्नापुढे, दोन्ही चौकटी रिकाम्या होत्या. शेजारी पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं: ‘रविवारी’. गुणांच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती. ते उत्तर मी वहीत वेगळं उतरवून घेतलं आणि तिच्या वसतिगृहात रविवारी काय काय होतं, ते विचारायला गेले.