धुळीआडची कृष्णविवरे आणि अडीच ग्रॅमची भिंत

कृष्णविवरातून प्रकाश बाहेर पडत नाही, म्हणून ते दिसत नाही, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. एकाकी आणि उपाशी कृष्णविवराबाबत ती खरीही आहे. परंतु दीर्घिकेच्या केंद्रस्थानी वायू गिळत बसलेले, सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर विश्वातल्या सर्वांत तेजस्वी गोष्टींमध्ये मोडते. त्यात पडणारा वायू सरळ आत जात नाही. तो भोवती गरगरत तबकडी तयार करतो, थराशी थर घासून तापतो, आणि आत नाहीसा होण्यापूर्वी आपल्या वस्तुमानाचा साधारण दहावा भाग प्रारणाच्या रूपाने उधळून टाकतो. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होताना हेच प्रमाण जेमतेम ०.७ टक्के असते. (कृष्णविवर आसपासचे सर्व काही ओढून घेते, असे सांगणाऱ्या चित्रफितींना तोटा नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तर पृथ्वी गारठेल, पण तिची कक्षा तसूभरही बदलणार नाही.)

मग अशी तेजस्वी कृष्णविवरे दडतात कशी? त्यांना लपवतो तो त्यांच्याभोवतीचा धुळीचा पडदा. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी विश्वात तारे जन्माला येण्याचा वेग शिगेला पोहोचला होता. ताऱ्यांना लागणारा वायूच कृष्णविवराचेही खाद्य असतो, आणि ताऱ्यांच्या पोटात घडलेल्या कार्बन, सिलिकॉन यांसारख्या मूलद्रव्यांपासून मायक्रॉनहून लहान धूलिकण बनतात. म्हणजे ज्या दीर्घिकांत कृष्णविवराला भरपूर खाद्य मिळते, त्याच दीर्घिका धुळीने भरलेल्या असतात, आणि त्याची वाढ नेमकी ऐन भरात असताना आपल्या नजरेआड होते.

हा पडदा किती जाड असावा लागतो, हे पाहण्यासारखे आहे. आपल्यापासून त्या केंद्रापर्यंत १ चौरस सेंटिमीटर छेदाची एक लांबलचक नळी कल्पावी आणि तिच्यात सापडणाऱ्या वायूचे वजन करावे. नळीत अवघा १७ मिलिग्रॅम हायड्रोजन असला, तरी त्यात मिसळलेली धूळ, जी वजनाने वायूच्या साधारण शंभराव्या भागाइतकी असते, दृश्य प्रकाश शंभराव्या हिश्श्यावर आणते. उलट तबकडीच्या वरच्या अतितप्त इलेक्ट्रॉनांच्या ढगातून निघालेले क्ष-किरण एवढ्याशा पडद्याला फारसे जुमानत नाहीत, कारण त्यांना अडवण्याची रीतच वेगळी आहे. क्ष-किरणाचा फोटॉन ऑक्सिजन किंवा लोह यांसारख्या अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवून लावतो आणि त्या भानगडीत स्वतः संपतो. मात्र असे घडण्याची शक्यता फोटॉनच्या ऊर्जेच्या साधारण घनाच्या प्रमाणात घटते: ऊर्जा दुप्पट झाली की शक्यता आठव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे फोटॉनच्या ऊर्जेचे एकक) मवाळ किरण वाटेत खर्ची पडतात आणि १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे कठोर किरण पार होतात. आलेल्या किरणांत मवाळ भाग किती कमी आहे, यावरून पडद्याचे वजन काढता येते.

नळीतला हायड्रोजन अडीच ग्रॅमच्या घरात गेला की मात्र कठोर किरणांचीही वाट बिकट होते, कारण तेव्हा ते इलेक्ट्रॉनांवर आपटून दिशा बदलू लागतात. अडीच ग्रॅम म्हणजे अडीच सेंटिमीटर उंचीचे पाणी. आपल्या डोक्यावरच्या हवेचे वजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम भरते, आणि म्हणूनच क्ष-किरण दुर्बिणी अंतराळात पाठवाव्या लागतात. येथे विश्वाचे प्रसरण आपल्या मदतीला येते. ताम्रसृती २ असलेल्या, म्हणजे जिचा प्रकाश वाटेत प्रसरणाने तिप्पट ताणला जातो अशा, दीर्घिकेतून ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने निघालेला फोटॉन आपल्याकडे १० चा होऊन पोहोचतो. जो कठोर किरण जवळच्या दीर्घिकेत पाहायला खास उपकरण लागले असते, तो दूरच्या दीर्घिकेतून येताना साध्या उपकरणाच्या टप्प्यात येतो.

पडद्याआड पुष्कळ काही आहे, ही शंका जुनी आहे. १९६२ मध्ये रिकार्डो जाक्कोनी यांच्या गटाने पाठवलेल्या अग्निबाणाला सर्व आकाशभर क्ष-किरणांची मंद आभा आढळली. तिचा जोर ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सर्वाधिक आहे. उघड्या क्वासारांच्या, म्हणजे पडद्याआड नसलेल्या तेजस्वी कृष्णविवरांच्या, बेरजेतून तसा आकार निघत नाही. मवाळ भाग गमावलेली पुष्कळ कृष्णविवरे त्यात मिसळावी लागतात.

ती शोधण्याचा दुसरा मार्ग धुळीनेच खुला केला आहे. गिळलेली ऊर्जा धूळ लपवू शकत नाही. ती तापते आणि अवरक्त किरणांतून ऊर्जा परत करते. ताऱ्यांनी तापवलेली धूळ निरपेक्ष शून्यावर ३०–४० अंश एवढीच तापते आणि १०० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास उजळते. कृष्णविवराजवळची धूळ शेकडो अंश तापते, १,५०० अंशांच्या सुमारास तिची वाफ होते, आणि ती काही मायक्रॉन ते काही दशक मायक्रॉनपर्यंत चमकते.

२००७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ इमान्युएल दाद्दी आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीतून अशा दूरच्या दीर्घिका वेचल्या, ज्यांचे मध्य-अवरक्त तेज ताऱ्यांच्या हिशेबात बसत नव्हते. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या चित्रात त्यांच्यापैकी बहुतेकींच्या जागी काहीच दिसत नव्हते. तेव्हा प्रत्येकीच्या जागेचा लहानसा चौकोन कापून सर्व चौकोन एकमेकांवर रचण्यात आले. शंभर चौकोन रचले की खरा संकेत शंभरपट होतो आणि गोंगाट केवळ दहापट. या राशीतून संकेत उमटला आणि तो कठोर किरणांकडे झुकलेला होता, जसा अडीच ग्रॅमच्या भिंतीआडून यावा. या दीर्घिकांपैकी नेमक्या किती खरोखर अशा भिंतीआड आहेत यावर पुढे वाद झाला, कारण ताऱ्यांभोवतीचे कार्बनी रेणूही मध्य-अवरक्तात चमकून हिशेब फुगवतात. माझ्या मते रीत बिनचूक होती, गणतीत मात्र घाई झाली.

वेब दुर्बिणीने बालविश्वात टिपलेल्या लहान लाल ठिपक्यांची गत याहून अवघड आहे. त्यांतल्या अनेकांच्या वर्णपटात कृष्णविवराभोवती वेगाने फिरणाऱ्या वायूच्या रुंद रेषा आहेत, पण चंद्रा दुर्बिणीच्या चित्रांतले त्यांचे चौकोन एकमेकांवर रचूनही क्ष-किरण जवळजवळ सापडत नाहीत.