डिस्क वाकडी की जाड-बारीक? ब्रेक दाबल्यावर थरथरणाऱ्या स्टीअरिंगचं खरं दुखणं

ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं, असं सांगितलं की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, "अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घ्या." दुसरं, "डिस्क वाकली, बदलावी लागेल." पहिल्याचा या तक्रारीशी बहुतेक वेळा संबंध नसतो. दुसरं अर्धंच खरं असतं, आणि त्या अर्ध्या सत्यापायी लोक डिस्कची (चाकाबरोबर फिरणाऱ्या, ब्रेकच्या लोखंडी तबकडीची) एक जोडी काढून दुसरी घालतात. ती थोडे दिवस गुण्यागोविंदाने चालते आणि पुन्हा थरथर सुरू. मग दोष कुणाला? "हल्लीचा माल!"

बॅलन्सिंगचं लवकर उरकू, ते सगळ्यांना ठाऊक आहे. चाकाचा तोल बिघडला की ८०-९० च्या पुढे स्टीअरिंग हलतं, ब्रेक दाबा की दाबू नका. शहरातल्या शहरात ते कळतच नाही. समृद्धीवर १२० ची मुभा मिळाली की कळतं. घोळ एवढाच होतो की ११० वरून ब्रेक मारत खाली येताना गाडी त्याच ९० च्या टप्प्यातून जाते, आणि आळ ब्रेकवर येतो. त्यामुळे मागे-पुढे कुणी नाही असं बघून, ब्रेकला पाय न लावता नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि गाडी आपोआप ७० पर्यंत येऊ द्या. तरीही हललं तर चाक बघा. ब्रेक दाबल्यावरच हलत असेल तर पुढचं वाचा. पावसाळ्यात शेतातून आला असाल तर आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घाला. आपली काळी माती तिथे थापली जाते, वाळून दगड होते आणि चाकाचा तोल घालवते. ती खरवडून काढायच्या आधी बॅलन्सिंगचे पैसे देऊ नका.

अलाइनमेंटचं तर या विषयात नावच काढू नये. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. थरथर तिच्यामुळे येत नाही. दोन्ही कामं एकाच दुकानात होतात, म्हणून दोन्ही शब्द जोडीने तोंडात बसलेत, बाकी काही नाही. आणि जोरात ब्रेक मारल्यावर किंवा खडीवर पायाखाली पेडल कडकड करतं, ते एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याचं काम करतंय. त्याला दुरुस्त करायला जाऊ नका.

आता डिस्क.

डिस्क दोन वेगवेगळ्या प्रकारांनी बिघडते, आणि गॅरेजात दोन्हींना "वाकली" म्हणतात. भाकरीचं बघा. एखादी सगळीकडे सारख्या जाडीची असते, पण तव्यावरून उतरल्यावर जरा वर-खाली झालेली असते. दुसरी परातीसारखी सपाट, पण एका कडेला जाड राहिलेली. पहिली वाकडी, दुसरी जाड-बारीक. स्टीअरिंग हलवते ती दुसरी.

कारण कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडमध्ये पकडणाऱ्या चिमट्याच्या, बांधणीत आहे. आपल्या बहुतेक गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर डावी-उजवीकडे सरकणारा असतो. डिस्क जरा वाकडी फिरली तर ती दोन्ही पॅड एकाच दिशेला ढकलते, आणि कॅलिपर तिच्याबरोबर सरकतो. पकड जवळपास तेवढीच राहते, म्हणून पायाला फारसं कळत नाही. जाड-बारीक डिस्कचं तसं नाही. जाड भाग पॅडमध्ये आला की दोन्ही पॅड एकमेकांपासून लांब ढकलले जातात, पिस्टन मागे रेटला जातो, ब्रेक ऑइलचा दाब वाढतो. बारीक भाग आला की दाब कमी होतो. गाडी १०० वर असताना लहान गाडीचं चाक सेकंदाला साधारण १५ वेळा फिरतं, म्हणजे एका जाड जागेचे सेकंदाला १५ धक्के. ते स्टीअरिंगला लागतात, पेडललाही लागतात, आणि गाडी हळू होते तसे तेही सावकाश होत जातात. ही खूण पक्की. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट सैल असतील तर हेच धक्के मोठे होऊन हातात येतात, पण मूळ तिथे नसतं.

हा फरक किती असतो? सुमारे ०.०२ मिलिमीटरही पुरतो. डोळ्याला तो दिसणं अशक्य. तरी मिस्त्री चाक काढतो, डिस्ककडे एक नजर टाकतो आणि "वाकली" म्हणून मोकळा होतो. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत मायक्रोमीटरशिवाय (अगदी बारीक जाडी मोजणाऱ्या मापाशिवाय) ज्यांचं पान हलत नाही असे हजारो लोक ज्या शहरात राहतात, तिथे हे चालतं याचं मला नवल वाटतं. व्हर्निअरनेही (सरकत्या जबड्याच्या मापपट्टीनेही) भागत नाही. त्याचं माप ०.०२ च्याच घरात थांबतं आणि डिस्कच्या काठाला आलेल्या कडेवर त्याचा जबडा अडकतो. मायक्रोमीटर घ्या, काठापासून सेंटिमीटरभर आत, गोलाकार आठ जागी जाडी मोजा.

मग वाकडेपणाचा काहीच दोष नाही का? आहे, आणि नवी डिस्क पुन्हा का बिघडते याचं उत्तर तिथेच आहे. हबवर (डिस्क जिच्यावर बसते त्या बैठकीवर) गंज आहे, कुणी तो साफ केला नाही आणि वर नवी डिस्क बसवली. किंवा पंक्चरवाल्याने एअर गनने एका ओळीत नट करकचून आवळले. डिस्क केसभर तिरकी बसली. आज थरथर नाही. पण ब्रेक न दाबताही पॅड डिस्कला हलकेच टेकलेले असतात, आणि तिरक्या डिस्कची एकच जागा दर फेऱ्याला त्यांना घासत जाते. काही हजार किलोमीटरनंतर ती जागा बारीक झालेली असते. म्हणजे वाकडेपणा हे कारण, जाड-बारीक हा परिणाम. आपण परिणाम बदलतो, कारण तसंच हबवर ठेवतो.

दुसरं कारण उष्णता. कन्नडकडून औट्रम घाट ब्रेकवरच उतरायचा, खाली रांगेत तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहायचं; त्या जागी पॅडचा थर चिकटून बसतो आणि ती जागा जाड होते. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा. थांबल्यावर सपाटी असेल तर पाय काढून हँडब्रेक लावा. आणि घाटातून येऊन तशाच तापल्या चाकांवर वॉशिंग सेंटरचा फवारा मारून घेऊ नका.

लेथवर डिस्क घासून आणण्याच्या मी विरोधात आहे. लेथवर ती सरळ होते, पण गाडीचा हब तिरका असेल तर परत घातल्यावर तिरकीच. शिवाय डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो बघायची तसदी कुणी घेत नाही. बदलायचीच तर एका एक्सलच्या दोन्ही, नव्या पॅडसकट.

सीट हलते पण स्टीअरिंग शांत, असं असेल तर मागचे ड्रम बघा. मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक अगदी हलका ओढा. तेव्हाच थरथरलं तर दुखणं मागे आहे. बटणावरचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर हा प्रयोग करू नका.

डिस्क बदलायला जाल तेव्हा तिथेच उभे राहा. हबचा माथा तारेच्या ब्रशने चकचकीत करायला लावा. डिस्क नटांनी आवळून डायल गेज (फिरताना डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं माप) लावायला सांगा. बहुतेक गाड्यांना ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आत चालतं, नेमका आकडा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. जास्त आलं तर डिस्क हबवर एक भोक फिरवून पुन्हा बसवायची आणि पुन्हा मोजायचं. पुष्कळदा तेवढ्यानेच काटा शांत होतो. नट समोरासमोरचे, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने). आणि पुढे रस्त्यात पंक्चर काढून आलात की घरी आल्यावर सगळे नट सैल करून त्याच क्रमाने पुन्हा आवळा.