कॅमेऱ्यावरचा माइक आला कुठून? मैफलीच्या शूटिंगमागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात गाण्याच्या कार्यक्रमांचं शूटिंग करणारी मुलं नवा कॅमेरा घेतला की पहिलं विचारतात, ‘यावर माइक कुठला बसवू?’ माइकची जागा कॅमेऱ्यावरच, हे या प्रश्नात धरूनच चाललेलं असतं. ही समजूत जेमतेम चाळीस वर्षांची आहे. त्याआधीची निम्मी गोष्ट तर याच गावात घडलेली आहे.

शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेल्या पॅलेस थिएटरात, म्हणजे नंतरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, सुरुवातीला माइक नव्हताच. नटाचं पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं ते त्याच्या गळ्यानं आणि त्या वास्तूनं. अल्लादियाखाँसाहेब इथले दरबारगायक. त्यांच्या बैठकाही अशाच, समोर बसून ऐकायच्या. ग्रामोफोनसाठी गायचं तर कर्ण्यापुढे आवाज लावावा लागे. १९२५ मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि मगच हलका आवाज तबकडीवर उतरू लागला. त्यामागचा कंडेन्सर माइक, म्हणजे विद्युतभारित पातळ पडद्याच्या थरथरीवरून आवाज टिपणारा माइक, १९१६ चा, अमेरिकेतल्या टेलिफोनच्या कारखान्यासाठी ई. सी. वेंट यांनी घडवलेला.

१९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीनं कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ केला. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, म्हणजे मुळात नावाजलेले हार्मोनियमवादक. त्या काळच्या बोलपटांत गाणं आणि चित्र एकाच वेळी घेत. नट कॅमेऱ्यासमोर गाणार, साथीदार चौकटीबाहेर बसणार, आणि माइक दिसणार नाही अशा बेतानं गाणाऱ्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. मिक्सरवर, म्हणजे अनेक माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर, खटके फिरवून तोल साधायची सोय फारशी नव्हती, त्यामुळे तबला जड वाटला तर तबलजीलाच मागं सरकवायचं. कॅमेऱ्याची घरघर आवाजात येऊ नये म्हणून कॅमेरा पेटीत कोंडत. थोडक्यात, कॅमेऱ्यापासून माइक लांब ठेवणं ही त्या लोकांची पहिली चिंता होती. आपण आज बरोबर उलटं करतो.

मग पार्श्वगायन आलं. १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सनं ते रूढ केलं आणि सिनेमात गाणं नि चित्र यांची फारकत झाली. त्याच सुमारास, १९३१ मध्ये, ॲलन ब्लमलीन या इंग्रज अभियंत्यानं स्टिरिओचं पेटंट मागितलं. पडद्यावर नट डावीकडून उजवीकडे जातो आणि आवाज मात्र एकाच ठिकाणाहून येतो, हे त्याला खटकलं होतं. मैफल टिपायला आजही वापरतात ती दोन माइकची जोडी तिथून आली. फ्रेंच रेडिओच्या ओआरटीएफ पद्धतीत दोन माइक १७ सेंटिमीटर अंतरावर, ११० अंशांच्या कोनात ठेवतात.

माइक कॅमेऱ्यात शिरला तो इलेक्ट्रेटमुळे. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी स्वतःच विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा माइक तयार केला. तो चिमुकला, स्वस्त आणि थोड्या व्होल्टवर चालणारा निघाला. १९८३ पासून आतच टेप असलेले खांद्यावरचे व्हिडिओ कॅमेरे बाजारात आले, त्यांच्या तोंडाशी हाच बसवलेला होता. लग्नाच्या शूटिंगला तो पुरेसा होता, कारण त्याच्या जोडीला ऑटो गेन होता: आवाज कमी झाला की आपोआप वाढवायचा, वाढला की दाबायचा.

गाण्याचं मातेरं इथेच होतं. विलंबित ख्यालात गायक थांबला की ऑटो गेन वर चढतो आणि पंखा, खोकला, मागच्या रांगेतली कुजबुज सगळं पुढे येतं. समेवर तबल्याची थाप पडली की तोच गेन खाली कोसळतो आणि नेमका सुटणारा स्वर बुडतो. जयपूर-अत्रौली गायकीत दमसासाची एक लांब फिरत हळूहळू वर नेतात. रेकॉर्डिंगमध्ये ती सपाट होऊन बसते. आधी ऑटो गेन बंद करा, माइकचा खर्च नंतर.

२००८ मध्ये कॅननचा फाइव्ह डी मार्क टू हा व्हिडिओही घेणारा फोटोचा कॅमेरा आला. चित्र सिनेमासारखं, पण आवाजाची पातळी हातानं ठरवायची सोय फर्मवेअरमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या सुधारणेतून, थेट २०१० ला मिळाली. ही उणीव भरायला हातात मावणारे रेकॉर्डर आणि कॅमेऱ्यावर चढवायचे लांब नळीचे शॉटगन माइक सर्रास वापरले जाऊ लागले. शॉटगनबद्दल फार गैरसमज आहे. तो लांबचं जवळ आणत नाही. नळीच्या फटींमधून बाजूचा आवाज कापतो, तोही मुख्यतः वरच्या पट्टीतला. खर्जाचा घुमारा, म्हणजे बायाँ, तसाच आत येतो. बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज तर समोरूनही येतो. बाहेरच्या संवादासाठी तो उत्तम. मैफलीला मी तो घेणार नाही.

साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आउटपुट घेणं सोपं. मात्र मिक्सरमधून येणारा लाइनचा, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी जोरकस, आवाज कॅमेऱ्याच्या माइकच्या पिनमध्ये घातला की फाटतो, म्हणून मध्ये तो कमी करणारा पॅड लागतो. आणि त्यात सभागृहाचा स्वतःचा नाद नसतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं. तिथल्या ज्या कार्यक्रमांचा आवाज फक्त मिक्सरमधून घेतला होता, त्यांत गायक आहे, ती वास्तू नाही. म्हणून मिक्सरच्या जोडीला रंगमंचाच्या काठाजवळ, उंच स्टँडवर स्टिरिओ जोडी हवी. चांगल्या कंडेन्सरना ४८ व्होल्ट लागतात. कॅमेऱ्याची छोटी पिन ते देत नाही, त्यामुळे वेगळा रेकॉर्डर आलाच.

कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालूच ठेवा, वेगळा घेतलेला आवाज नंतर चित्राशी जुळवण्यासाठी. कॅमेरा पंधरा मीटर मागे असेल तर त्याच्यापर्यंत आवाज सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात एका फ्रेमहून किंचित जास्त. त्याच्यावरून मिक्सरचा ट्रॅक जुळवला की तो तेवढा अलीकडे, म्हणजे आधी ऐकू येईल असा, सरकवायचा, नाहीतर थाप दिसेल आधी आणि ऐकू येईल नंतर.