फायटिंग गेममधील पात्ररचना : साधी व क्लृप्तीप्रधान

समोरासमोरच्या लढतीच्या गेममधील पात्रांची, त्यांच्या चालींच्या घडणीवरून केलेली ढोबळ विभागणी. ज्याची सगळी हत्यारे गेमच्या सामाईक नियमांत बसतात ते पात्र साधे. ज्याच्यासोबत फक्त त्याचाच असा नियम, साठा किंवा स्थिती येते ते क्लृप्तीप्रधान. खेळाडू याला सरळ ‘गिमिक’ म्हणतात. रंगरूप हा निकष नव्हे. ‘स्ट्रीट फायटर २’मधील ब्लांका हिरवा आहे आणि अंगातून वीज सोडतो, तरी घडणीने तो साधाच.

साध्या घडणीचा नमुना म्हणजे ऱ्यू. कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये (१९८७) पहिल्या खेळाडूला ऱ्यू आणि दुसऱ्याला केन मिळे, दोघांच्या चाली एकच होत्या. ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये (१९९१) आठ पात्रे आली, तरी मोजपट्टी ऱ्यूचीच राहिली. हादोकेनसाठी, म्हणजे हातातून सुटणाऱ्या ऊर्जेच्या गोळ्यासाठी, स्टिक खाली, तिरकी खाली-पुढे, मग पुढे नेऊन पंच दाबायचा. शोऱ्यूकेनसाठी, म्हणजे उसळी घेऊन वर मारायच्या ठोशासाठी, पुढे, खाली, तिरकी खाली-पुढे आणि पंच. या दोन चाली एकमेकींना पूरक आहेत. हादोकेन समोरच्याला उडी मारायला भाग पाडते आणि उडी मारणारा शोऱ्यूकेनच्या तोंडी येतो. नवशिक्याची नेहमीची चूक अशी : पुढे चालता चालता हादोकेन टाकायला जावे आणि शोऱ्यूकेन सुटावी. चालण्यातले ‘पुढे’ आणि नंतरचे ‘खाली, तिरके’ मिळून शोऱ्यूकेनची खूण पुरी होते. आधी क्षणभर स्टिक मध्यावर सोडली की हे टळते. दुसरी चूक ठरावीक तालात हादोकेन टाकण्याची. समोरचा ताल ओळखून वेळेवर उडी घेतो आणि हात पुढे असलेल्या ऱ्यूवर पूर्ण कॉम्बो, म्हणजे सलग वारांची साखळी, बसतो.

क्लृप्तीप्रधान रचना नेमकी कुठे सुरू झाली, यावर एकमत नाही. काही जण १९९१ च्या धालसिमपासून, म्हणजे हातपाय लांबवणाऱ्या भारतीय योग्यापासून, मोजतात. पण धालसिमला वेगळा साठा नाही आणि स्थितीही बदलावी लागत नाही. त्याचा पल्ला तेवढा वेगळा. वरचा निकष लावला तर ‘स्ट्रीट फायटर अल्फा २’मधील (१९९६) गेन अधिक बसतो. तीन पंच बटणे एकदम दाबली की एक शैली आणि तीन किक बटणे दाबली की दुसरी. शैलीगणिक चाली बदलतात. निर्विवाद उदाहरण म्हणजे ‘गिल्टी गिअर’ मालिकेतील झाटो. ‘स्ट्राइव्ह’मध्ये (२०२१) त्याची सावली, एडी, स्वतंत्रपणे लढते आणि तिचा वार बटण दाबल्यावर नव्हे, तर सोडल्यावर होतो. म्हणून खेळाडू एक-दोन बटणे आधीच दाबून धरतो आणि उरलेल्या बटणांनी झाटो खेळतो. बोट चुकून सुटले की सावली भलत्या वेळी वार करते. झाटोला मार बसला की ती विरते. ‘ब्लेझब्लू’मध्ये (२००८) तर चारपैकी एक बटणच प्रत्येकाच्या खास क्लृप्तीसाठी राखले आहे. त्यातही रॅग्ना या पात्राची क्लृप्ती मार देताना थोडी शक्ती शोषण्यापुरतीच, त्यामुळे तो साध्यांत मोडतो.

क्लृप्तीचा भार वापरणाऱ्यापेक्षा समोरच्यावर जास्त पडतो. ऱ्यूविरुद्ध शिकलेले इतर अनेकांविरुद्ध चालते. झाटोविरुद्ध शिकलेले जवळपास झाटोपुरतेच. क्लृप्तीच्या पात्रांबद्दलच्या कुरकुरीचे मूळ बहुधा इथे आहे, ताकदीत नव्हे.

‘स्ट्रीट फायटर ६’ने (२०२३) ड्राइव्ह गेज, म्हणजे खास चालींसाठी खर्च होणारी शक्तीची पट्टी, सर्वांना सारखा दिला आणि वर काहींना वेगळे साठे दिले. जेमी पेय पिऊन शून्यापासून चौथ्या पातळीपर्यंत चढतो. पातळीगणिक त्याला नव्या चाली मिळतात, पण राउंड बदलला की मोजणी पुन्हा शून्यावर येते. मॅनॉनच्या पकडींना मिळणारी पदके मात्र पुढच्या राउंडमध्येही टिकतात आणि पाचव्या पदकापर्यंत तिच्या विशेष पकडीचा मार वाढत जातो. पहिला राउंड हरूनही ती दुसऱ्यात अधिक घातक असू शकते, हे विसरलेला खेळाडू सहज फसतो. ऱ्यूलाही इथे डेन्जिन चार्ज मिळाला आहे : एकच साठा, जो पुढची हादोकेन किंवा हाशोगेकी (तळहाताचा जवळून केलेला वार) जोरदार करतो. तो भरताना ऱ्यू उघडा पडतो, म्हणून समोरच्याला जमिनीवर पाडल्यावर किंवा पडद्याच्या दुसऱ्या टोकाला ढकलल्यावरच तो भरतात.