टर्बाइनच्या चकतीचे आयुष्य कसे ठरते?

हेलिकॉप्टरच्या नव्या इंजिनाला प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी अमेरिकी नियमांनुसार किमान १५० तासांची सहनशक्ती चाचणी द्यावी लागते. पुढे हजारो तास चालायच्या इंजिनासाठी हा आकडा फारच लहान वाटतो. पण गरम वायूच्या झोताने फिरणारी टर्बाइनची पाती जिच्या कडेला बसवलेली असतात, त्या चकतीचा प्रश्न मुळात तासांनी सुटणारा नाही.

ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरमधील टी७०० इंजिनाचा गॅस जनरेटर (हवा दाबून, इंधन जाळून गरम वायू तयार करणारा भाग) पूर्ण वेगात मिनिटाला सुमारे ४४,७०० फेरे घेतो. या वेगाने अक्षापासून १० सेंटीमीटरवर फिरणारा १ ग्रॅम धातू सुमारे २२० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढला जातो. सगळ्या पात्यांची ही ओढ मधली चकती पेलते. शिवाय इंजिन सुरू होताच चकतीची कड आधी तापते आणि गाभा थंडच राहतो, त्याचा ताण वेगळा. इंजिन बंद केले की हे सारे ओसरते. ताणाच्या या चढउतारानेच धातूला शिणवटा येतो. त्यामुळे दोन तास सरळ उडणारे आणि तेवढ्याच वेळात दहादा इंजिन चालू-बंद करणारे हेलिकॉप्टर यांच्या चकत्यांचे वय सारखे वाढत नाही.

पाते तुटले तर इंजिनाच्या कवचाने ते अडवावे, अशी अपेक्षा असते; चकती फुटली तर तिचे तुकडे अडवण्याजोगे कवच इतके जड होईल, की ते घेऊन उडणेच परवडणार नाही. म्हणून चकतीची परीक्षा जमिनीवरच, जाड पोलादी भिंतींच्या बंदिस्त खड्ड्यात घेतात. बारीक, लवचिक दांड्याला चकती टांगतात आणि आतली हवा काढून घेतात, कारण हवेच्या घर्षणाने ती तापते आणि फिरवायला शक्तीही फार लागते. मग वेग वाढवायचा, उतरवायचा, पुन्हा वाढवायचा, असे हजारो वेळा. अधूनमधून चकती बाहेर काढून तिच्यावर चमकणाऱ्या रंगाचा द्रव लावतात, पृष्ठभाग पुसतात आणि अंधारात अतिनील दिवा धरतात. बोल्टच्या छिद्राशी पिवळसर-हिरवी रेघ उजळली, की भेग सापडली.

रूढ निकषानुसार, हजारातील एका चकतीत सुमारे पाऊण मिलिमीटरची भेग पडण्याची शक्यता असते, तेवढ्याच आवर्तनांवर (वेग चढून उतरण्याच्या फेऱ्यांवर) सगळ्यांचे आयुष्य संपवतात. उरलेल्या ९९९ चकत्या धडधाकट असूनही काढल्या जातात. हे उधळपट्टीसारखे दिसते खरे, पण ती एक नेमकी कोणती, हे आधी कळायचा खात्रीचा मार्ग नाही. मुदत संपलेली चकती नव्यासारखीच दिसते. ती चुकून दुसऱ्या इंजिनात जाऊ नये म्हणून अनेकदा मुद्दाम कापून निकामी करतात.