संशोधन (शालेय व व्यावहारिक)

ठाऊक नसलेले उत्तर निरीक्षण, मोजणी आणि तुलना करून शोधण्याची, तसेच ते कसे मिळाले याची दुसऱ्याला पडताळता येईल अशी नोंद ठेवण्याची रीत. शाळेत ‘प्रकल्प’ म्हणून बहुधा माहितीसंकलनच होते. दुकानातून आणलेली चित्रे तक्त्यावर चिकटवणे म्हणजे संशोधन नव्हे. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वयाची मुले परिसरातला प्रश्न घेऊन काम करतात. वर्गातल्या अडचणीवर शिक्षकाने केलेल्या अशाच शोधाला कृतिसंशोधन म्हणतात.

शेतकरी घरी करतात ती सोयाबीनची उगवणक्षमता चाचणी हे व्यवहारातले चोख उदाहरण आहे. प्रश्न नेमका असतो: घरचे बियाणे पेरण्याजोगे आहे का? धुतलेले गोणपाट भिजवून, पिळून पसरतात. त्यावर १०-१० दाण्यांच्या १० ओळी मांडतात, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करतात आणि ती सावलीत ओलसर ठेवतात. सहा-सात दिवसांनी मुळे व कोंब दोन्ही धड असलेले दाणेच मोजतात. ७० किंवा अधिक उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६० उगवले तर ३० × ७० ÷ ६०, म्हणजे ३५ किलो लागते.

चूक बहुतेकदा दाणे घेतानाच होते. टपोरे निवडून घेतले की आकडा फुगतो. म्हणून प्रत्येक पोत्यातून वर, मध्ये, तळाशी हात घालून दाणे काढावेत आणि मिसळून न निवडता मोजावेत. पाणी जास्त झाले तर दाण्यांना हवा मिळत नाही, ते कुजतात आणि चांगल्या बियाण्यावर ठपका येतो. शिवाय एकाच गुंडाळीवर विसंबणे धोक्याचे. खरी क्षमता ७० टक्के असली तरी १०० दाण्यांत निव्वळ योगायोगाने ६१ ते ७९ पर्यंत काहीही येऊ शकते. ४०० दाणे घेतले तर हा पल्ला साधारण ६६ ते ७४ टक्के इतका आवळतो. म्हणून चार गुंडाळ्या कराव्यात. ६८ आणि ७१ यांवरून दोन पोत्यांत डावे-उजवे करणारा विद्यार्थी इथेच फसतो.

तारीख, पोत्याची खूण आणि प्रत्येक गुंडाळीचा आकडा वेगळा लिहावा, नुसती सरासरी नव्हे: एकीत ४० आणि बाकीच्यांत ७५ आले, तर आधी ती गुंडाळी तपासायची असते. हा निष्कर्ष गोणपाटापुरताच खरा. नंतर पोती आपटली गेली तर सोयाबीनचे पातळ टरफल तडकते आणि शेतातली उगवण घटते.