थम लावला, पुढे ठशाचं काय?

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडे कंट्रोलच्या दुकानासमोरची रांग हळू सरकते. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघालेली. थम काही केल्या लागत नाही. "दुसरं बोट ठेव न माय," दुकानदार म्हणतो. कोणी बोट केसांवरून फिरवतं, तेवढ्या तेलानं कधीकधी काम होतंही. झिजते ती वरची कातडी. रेषांचा साचा खालच्या थरात असतो, आणि तो आईच्या पोटातच पक्का झालेला असतो. वेचणी संपली की तीच नक्षी पुन्हा वर येते.

दुकानातलं यंत्र एवढंच विचारतं: हे बोट या आधार क्रमांकाचं आहे का? पोलिसांच्या यंत्राला मात्र साठ्यातल्या लाखो लोकांतून बोटाचा धनी हुडकायचा असतो. रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, हेच दोन्हीकडे पाहतात. पण हुडकण्यात चुकायला जागा फार. समजा, यंत्र दहा लाख तुलनांत एकदाच फसतं. तरी एक कोटी ठशांच्या साठ्यात एका शोधामागे दहा भलतीच माणसं जुळतील.

आपली चारित्र्य पडताळणी त्या दिवसापुरती असते. ठाण्यातून कागद मिळाला की झालं. अमेरिकेत एफबीआयच्या 'रॅप बॅक' सेवेत शिक्षक, पाळणाघरातले कर्मचारी अशांचे ठसे तपासून झाल्यावरही ठेवून घेतात. पुढे कुठे अटक झाली आणि ठसे घेतले गेले, की ते या साठ्याशी ताडले जातात आणि मुळात ठसे नोंदवणाऱ्या खात्याला खबर जाते. पोरांना सांभाळणाऱ्यांवर अशी नजर असावी, हे मलाही पटतं. पण नोकरी सुटल्यावर ती नोंद बंद करायचं काम त्या खात्याचंच, आणि खाती विसरतात!

चूक कशी होते, याचा नमुना २००४ चा. माद्रिदच्या रेल्वे स्फोटांच्या तपासात सापडलेला एक ठसा एफबीआयच्या यंत्रात घातला. वीसेक नावं निघाली, त्यांत ओरेगॉनचा एक वकील. तज्ज्ञांनीही ठसा त्याचाच म्हणून सांगितलं. दोन आठवडे तो कोठडीत होता. मग स्पेनच्या पोलिसांनी ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवलं.

आपल्याकडे आधारचे ठसे वेगळे; ते कोणालाही देण्यास कायद्यानं मनाई आहे. पोलिसांनी घेतलेले ठसे 'नाफिस' या देशव्यापी यंत्रणेत जातात. २०२२ च्या कायद्यानं ठशांसारखी ही मापं ७५ वर्षं ठेवायला परवानगी दिली. आधी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस निर्दोष सुटला, तर ती नष्ट करायची, अशी तरतूदही आहे. मात्र न्यायालय कारणं नोंदवून ती राखून ठेवायचा आदेश देऊ शकतं. मेख आणखी एका ठिकाणी आहे: सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावरच ती नष्ट होतात. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात अटक झालेला कोणी तालुक्याच्या कोर्टात सुटला आणि सरकार अपिलात गेलं, तर निकाल लागेपर्यंत त्याच्या दहाही बोटांचे ठसे साठ्यातच राहतात.